सीएसटीआरमध्ये (सतत ढवळल्या जाणाऱ्या टाकीच्या रिॲक्टरमध्ये) पीआयडी कंट्रोलर एका तापमानाला नीट चालतो, दुसऱ्याला डोलतो. फीडबॅक लिनिअरायझेशनने, म्हणजे इनपुट असं मोजून देऊन की प्रणाली रेषीय वागेल, हे सुटेल का?

बऱ्याच अंशी, हो. उष्णता सोडणाऱ्या अभिक्रियेचा वेग अऱ्हेनियसच्या सूत्राप्रमाणे तापमानासोबत घातांकी वाढतो, म्हणून एकाच बिंदूला ट्यून केलेला पीआयडी दुसरीकडे फसतो. इथे उष्णतेच्या समतोलाचं समीकरण घ्या आणि जॅकेटचं (रिॲक्टरभोवतीच्या थंड करणाऱ्या आवरणाचं) तापमान असं काढा की अभिक्रियेच्या उष्णतेसह सगळी पदं खोडली जातील. उरतं ते dT/dt = v, इथे T रिॲक्टरचं तापमान आणि v नवं इनपुट. हा v साधा पीआय देतो, आणि त्यातला आय (इंटिग्रल भाग) काढू नका, कारण अऱ्हेनियसच्या सूत्रातले k₀ (पूर्वघातांकी गुणक) आणि E (सक्रियण ऊर्जा) कधीच अचूक माहीत नसतात. क्रावारिस आणि चुंग यांनी 1987 मध्ये याच धर्तीची पद्धत रासायनिक प्रक्रियांसाठी मांडली.

खोडण्यासाठी अभिक्रियाकाची सांद्रता लागते. ती सहसा मोजलेली नसते, म्हणून मॉडेल आणि मोजमापांवरून तिचा अंदाज काढणारा एस्टिमेटर जोडा.

तापमान आउटपुट असेल आणि अभिक्रिया साधी पहिल्या कोटीची असेल, तर झिरो डायनॅमिक्स (आउटपुट स्थिर धरल्यावर आतल्या अवस्थांचं उरलेलं वर्तन) स्थिर असतं, काळजी नको. पण वॅन द वुसे अभिक्रियेत (जिथे हवं ते उत्पादन पुढे दुसऱ्या पदार्थात बदलतं आणि जोडीला उप-अभिक्रियाही चालते) मधल्या उत्पादनाची सांद्रता फीडच्या प्रवाहाने सांभाळायची असेल, तर काही कार्यबिंदूंवर ते अस्थिर होतं. तिथे ही पद्धत सरळ वापरू नका, आतल्या अवस्था हाताबाहेर जातील.

जॅकेटच्या तापमानाला मर्यादा असते, तेव्हा अँटी-वाइंडअप (मर्यादा गाठल्यावर इंटिग्रल साचू न देणं) हवंच. मर्यादा वारंवार गाठली जात असेल तर मी नॉनलिनिअर एमपीसी (मॉडेलवरून पुढचा अंदाज घेऊन मर्यादा पाळणारं नियंत्रण) निवडेन.