ला पाझला निघण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. मेक्सिकोतल्या ला पाझहून समोरच्या किनाऱ्यावरच्या मासातलानला जाणाऱ्या शिडाच्या बोटीवर क्रू म्हणून जागा मिळतेय हे वाचून फार आनंद झाला. फेब्रुवारीतल्या ठरावीक तारखेचं परतीचं विमान आत्ताच काढून ठेवू का, असं विचारलंयस. काढू नकोस. या किनाऱ्यावर बोटींवर आलेली बहुतेक संकटं मी तारखेच्या घाईतून आलेली पाहिली आहेत.

हिवाळ्यात कोर्तेसच्या समुद्रात, म्हणजे बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्प आणि मेक्सिकोची मुख्य भूमी यांच्यामधल्या आखातात, उत्तरेचा वारा सुटतो. आखात हजार किलोमीटरहून लांब, दोन्ही अंगांना डोंगर, त्यामुळे वारा सरळ खाली धावत येतो आणि एकदा लागला की दोन-तीन दिवस थांबत नाही. लाटा फार उंच नसतात, पण आखूड आणि उभ्या. बोट एकीतून सावरतेय तोवर दुसरी आदळते. म्हणून मासातलानला जाणाऱ्या बोटी आधी ला पाझच्या आग्नेयेला असलेल्या एन्सेनादा दे लोस मुएर्तोस या छोट्या खाडीत नांगर टाकून वाट बघतात. कधी त्यात आठवडा जातो. तेवढ्यात फाटलेलं शीड शिवून होतं, इंजिनाचं तेल बदलून होतं, शेजारच्या बोटीवर जेवणं होतात. हे दिवस वाया गेले असं मानणाऱ्याने बोटीवर येऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वारा उतरला की पुढचं अंतर साधारण दोन रात्रींचं.

उन्हाळ्याचा मोह मात्र नको. पूर्व पॅसिफिकमधला चक्रीवादळांचा हंगाम 15 मे ते 30 नोव्हेंबर. सप्टेंबर 2014 मध्ये ओदिल वादळ द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला काबो सान लुकासजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा ला पाझला नांगरलेल्या बोटीही बुडाल्या, माणसंही गेली. त्या महिन्यांत बोटी उत्तरेला सरकतात किंवा आखाताच्या पलीकडच्या किनाऱ्यावर ग्वायमास, सान कार्लोसकडे जमिनीवर ओढून ठेवतात. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर घेतात तसंच.

आता नांगराचं. शिडं सगळेच शिकवतील, पण हे तू स्वतः मागून शिक. समज, पाणी पाच मीटर खोल आहे. त्यात भरतीचा एक मीटर आणि पाण्यापासून बोटीच्या नाळेपर्यंतचा, म्हणजे पुढच्या टोकापर्यंतचा, एक मीटर मिळव. झाले सात. त्याच्या पाचपट, म्हणजे पस्तीस मीटर साखळी सोडायची. वारा वाढणार असेल तर आणखी. मग इंजिन हळू मागे घ्यायचं आणि साखळीवर तळहात ठेवायचा. साखळी थरथरत, गचके देत असेल तर नांगर तळावरून फरफटतोय. ताणून स्थिर झाली तर धरलाय. तरी किनाऱ्यावरच्या दोन खुणा, एखादा खडक आणि त्यामागचं झाड, एका रेषेत धरून दहा मिनिटं बघत राहा. पाणी स्वच्छ असेल तर पोहण्याचा चष्मा लावून खाली उतर आणि नांगराचं टोक वाळूत गाडलंय का ते डोळ्यांनी पाहा. ला पाझच्या खाडीत याहून जास्त सावध राहा. तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह एकीकडे ओढतो, वारा दुसरीकडे, आणि शेजारच्या दोन बोटी उलट दिशांना तोंड करून उभ्या राहतात.

ला पाझजवळच्या एस्पिरितू सान्तो बेटाच्या पश्चिमेचे कोंड, म्हणजे छोट्या खाड्या, दिवसा इतके शांत असतात की तिथेच राहावंसं वाटतं. पण वसंतापासून पुढे रात्री कोरोमुएल नावाचा वारा सुटतो. पॅसिफिकवरची थंड हवा द्वीपकल्प ओलांडून नैऋत्येकडून येते, आणि हे कोंड नेमके त्याच बाजूला उघडे. जागा निवडताना रात्रीचा वारा विचार.

पाणी जपून वापरायचं. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी एकदाच गोड्या पाण्याने. मासे पांगावाल्या (पांगा म्हणजे तिथली छोटी उघडी होडी) कोळ्यांकडून घे, सांगतील तो भाव दे. बोटीवर गळ असेल तर प्रत्येकाच्या नावाचा परवाना लागतो, आणि शेवंड, कालवं परदेशी माणसाने काढायचीच नाहीत. तो हक्क तिथल्या कोळ्यांचा आहे.

रात्रीच्या पाळीत एकटी असशील तेव्हा हार्नेस, म्हणजे बोटीला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा, अडकवल्याशिवाय कॉकपिटमधून (सुकाणूजवळच्या बसायच्या जागेतून) बाहेर पाऊल टाकायचं नाही. बोटीच्या पुढच्या भागात काही करायचं असेल तर आधी कुणाला तरी उठव. समोर बिनदिव्याची पांगा असू शकते, कोळ्यांच्या लांब दोऱ्या असू शकतात, म्हणून दर काही मिनिटांनी चहूकडे नजर फिरव. मोबाइल आत ठेव.

आणि निघण्याच्या आदल्या दिवशी कप्तानाला विचार: माझं लाइफजॅकेट कुठलं, अग्निशामक कुठे आहे, तुम्ही पाण्यात पडलात तर मी काय करायचं? तो उठून एकेक गोष्ट दाखवेल तर निश्चिंत मनाने जा. हसण्यावारी नेलं किंवा चिडला, तर बॅग उचल आणि उतर. ला पाझला हंगामात क्रू शोधणाऱ्या बोटी असतात, दुसरी मिळेल. उतरलीस तर मला लगेच कळव, मी तिथल्या ओळखीच्यांना विचारते.

तुझी,
काकू