ड्रायव्हर म्हणतो ‘मी फ्रेश आहे’, मग गाडी सोडायची का?

प्रश्न: आमच्या तीन पिकअप आहेत, जुन्नर भागातून टोमॅटो-भाजीपाला वाशी मार्केटला जातो. रात्री दहाला गाडी सुटते, पहाटे खाली होते. ड्रायव्हरला विचारलं की तो म्हणतो, झोप-बिप काही नाही शेठ, एकदम फ्रेश आहे. पण मागच्या महिन्यात एकाने गाडी डिव्हायडरला घासली. थकवा मोजायचं काही मशीन मिळतं का?
– एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर: मशीन मिळतं, त्याचं पुढे सांगते, पण आधी ‘झोप आलीय का’ हे विचारणं बंद करा. झोप सलग कमी पडत गेली की आपण किती थकलोय याचा माणसाचा स्वतःचा अंदाजच चुकतो, म्हणजे तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं, आणि शिवाय खेप बुडली की भत्ता बुडणार हे माहीत असताना हो कोण म्हणेल?

त्यापेक्षा दोनच गोष्टी विचारा: गेल्या चोवीस तासांत किती झोपलास आणि आज उठलास कधी. झोप पाच तासांपेक्षा कमी असेल तर त्या रात्री त्याच्या हातात गाडी देऊ नका. दुसरा प्रश्न तर तुमच्याकडे जास्त महत्त्वाचा आहे, कारण सकाळी सातला उठून दिवसभर शेतात राबून रात्री दहाला स्टिअरिंगवर बसलेला माणूस बारा वाजता सतरा तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतकी घसरते. आपल्याकडे गाडी चालवताना दारूची मर्यादा ०.०३ टक्के आहे! म्हणजे एक थेंबही न घेता तो त्या रेषेच्या पलीकडे गेलेला असतो, आणि पहाटे दोन ते सहा ही शरीराची सगळ्यात जास्त पेंग येण्याची वेळ तर अजून पुढेच आहे. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, चार सेकंद डोळा लागला तर जवळपास नव्वद मीटर गाडी कोणीच चालवत नसतं.

आता मशीन. डॅशबोर्डवरचा कॅमेरा पापण्या किती वेळ मिटल्यात ते बघतो आणि अलार्म वाजवतो, जरूर लावा, पण तो वाजेपर्यंत झापड आलेलीच असते. दुसरी रिॲक्शनची टेस्ट, स्क्रीनवर आकडा दिसला की लगेच बोट दाबायचं, अर्ध्या सेकंदापेक्षा उशीर झाला की ती चूक धरतात, मूळ टेस्ट दहा मिनिटांची आहे. त्याच ड्रायव्हरची नीट झोप झालेल्या दिवशीची टेस्ट ठेवा आणि तिच्याशीच ताडून बघा, दुसऱ्या ड्रायव्हरशी नको.

खरं काम मात्र तुमच्या ड्युटीच्या वहीत आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं, तेवढं तरी पाळा. रात्रीच्या खेपेवाल्याला दुपारी झोपायला मोकळं सोडा, लोडिंगला त्याला उभं करू नका. आणि वाशीत गाडी खाली झाली की लगेच परत बोलवायची घाई नको, परतीची रिकामी गाडी मला जास्त धोक्याची वाटते. वाटेत पेंग आलीच तर गाडी सुरक्षित जागी लावून कॉफी प्यायची आणि लगेच वीस मिनिटं झोपायचं, उठेपर्यंत कॉफी लागू पडते. काच खाली करणं, मोठ्याने गाणी, तंबाखू, यांनी झोप जात नाही. आणि थांबला म्हणून भत्ता कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो थांबणार नाही.

प्रश्न: माझे मिस्टर बस चालवतात. आठ तास झोपूनही दिवसा बसल्या बसल्या डुलक्या घेतात, घोरतात पण खूप. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, हे स्लीप ॲप्निया असू शकतं, झोपेत श्वास अडकतो म्हणून झोप पुरी होतच नाही. डॉक्टरकडे एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची यादी असते, २४ पैकी १० च्या वर मार्क आले तर पुढे स्लीप स्टडी करायला सांगतात. त्रास निघालाच तर झोपताना लावायच्या सीपॅप मशीनने बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो, त्यामुळे नोकरीच्या भीतीने लपवू नका. घोरणं मधेच थांबून ते दचकून श्वास घेतात का, हे त्यांना स्वतःला कळणार नाही, तुम्हीच रात्री मोबाईलवर रेकॉर्ड करून डॉक्टरांना दाखवा.