कार्व्हिंगचा बोर्ड घेताना

बापू, दारव्ह्यात बसून स्नोबोर्डाचे (बर्फावरून घसरायच्या फळीचे) रंग कायले पाहतं? आधी सांग, उतरणार कुठं? उत्तराखंडातल्या औलीच्या मशीननं दाबलेल्या उतारावर बोर्डाच्या कडेवर वळणं कापायची (हेच कार्व्हिंग), तर पूर्ण कँबरचा (मधे वर उचललेल्या कमानीचा), जरा कडक बोर्ड घे. गुलमर्गच्या भुसभुशीत बर्फात तोच नाक खुपसतो. साइडकटची (बोर्डाच्या कडेच्या आत वळलेल्या बाकाची) त्रिज्या ८-९ मीटर असली की वळण आखूड. १२-१३ च्या पुढं वेग लागतो, तो तुले अजून झेपायचा नाही.

खरी गोम रुंदीत आहे. बोर्ड कडेवर जास्त कलला की बुटाचं टोक बर्फाला घासतं, कड सुटते अन् माणूस आडवा! तुझा पाय दहा नंबरचा, म्हणून रुंदच घे. लांबी-कडकपणा वजनावर. दुकानदार उंची विचारील (जुनी सवय त्यांची), तू वजन सांग.