शब्दशंका : पासपोर्टमधला ‘लेट’ आणि खरेदीखतातला ‘मेसवेज’

प्रश्न (एक वाचक, सांगली) : भारतीय पासपोर्टच्या सुरुवातीला राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते, तीत पासपोर्टधारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावे असे म्हटले आहे. ‘लेट’ म्हणजे करू देणे. मग ‘लेट’शिवाय जाऊ द्यायचे म्हणजे काय? ही छपाईतली चूक तर नव्हे?

उत्तर : चूक नाही. येथे दोन निरनिराळे शब्द एकच रूप घेऊन बसले आहेत. अकराव्या शतकापूर्वीच्या इंग्लिशमध्ये ‘लॅतान’ म्हणजे जाऊ देणे आणि ‘लेत्तान’ म्हणजे अडवणे, अशी दोन वेगळी क्रियापदे होती. पुढे उच्चार झिजत गेले आणि दोन्ही ‘लेट’ झाली. अडवणारा ‘लेट’ हा आपण ‘गाडी लेट आहे’ म्हणतो त्या ‘लेट’चा सख्खा नातेवाईक आहे, कारण अडवणे म्हणजे मुळात उशीर लावणेच. म्हणून पासपोर्टमधल्या त्या शब्दांचा अर्थ ‘कोणतीही आडकाठी न करता’ असा होतो. तेथल्याच हिंदी मजकुरात ‘बिना रोक-टोक’ असे शब्द आहेत आणि ते अचूक आहेत.

सन 1600 च्या सुमारास हा अर्थ सर्रास वापरात होता. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये पित्याचे भूत खुणावते, हॅम्लेट त्यामागे निघतो आणि सोबती त्याला धरून ठेवतात, तेव्हा तो म्हणतो की, जो मला ‘लेट’ करील त्याचेच मी भूत करीन. आजच्या अर्थाने वाचणाऱ्याला वाटेल, जाऊ देणाऱ्यावरच हा का उखडला आहे? 1611 च्या इंग्लिश बायबलमध्ये तर दोन्ही ‘लेट’ सुखाने नांदतात. प्रारंभी ‘प्रकाश होवो’ या आज्ञेत एक येतो, तर यशयाच्या ग्रंथात ‘मी कार्य करीन, त्याला कोण अडवील?’ या वाक्यात दुसरा. अडवणारा ‘लेट’ आज कायद्याच्या ठरावीक वाक्यांत आणि खेळाच्या मैदानावर तेवढा उरला आहे. स्क्वॉशमध्ये प्रतिस्पर्धी वाटेत आल्यामुळे चेंडू पुन्हा खेळावा लागला, तर पंच ‘लेट’ देतात, तो हाच. माझ्या मते, जुन्या इंग्लिशमध्ये अनोळखी शब्दांची फारशी भीती नसते, कारण आपण त्यांच्यासाठी कोश उघडतो. ओळखीचा चेहरा घेऊन आलेल्या शब्दासाठी मात्र कोणी कोश उघडत नाही. त्याच बायबलच्या एका स्तोत्रात भक्त म्हणतो की, मी पहाटेला ‘प्रिव्हेंट’ केले. त्याने पहाट थोपवली नव्हती, तो उजाडण्यापूर्वी उठला होता. ‘प्रिव्हेंट’चा मूळ लॅटिन अर्थ ‘आधी येणे’ एवढाच आहे.

प्रश्न (एक वाचक, मुंबई) : आजोबांच्या घराच्या इंग्लिश खरेदीखताचा आरंभ ‘धिस इंडेंचर विटनेसेथ’ असा आहे आणि पुढे ‘मेसवेज’ हा शब्द वारंवार येतो. कृपया अर्थ सांगावा.

उत्तर : ‘विटनेसेथ’मधला ‘एथ’ हा क्रियापदाचा जुना प्रत्यय असून त्याच्या जागी आज ‘स’ लागतो, म्हणजे ‘हा दस्त साक्ष देतो’ असा साधा अर्थ झाला. ‘इंडेंचर’ची हकीकत अधिक रंजक आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एकाच चर्मपत्रावर कराराच्या दोन प्रती लिहीत, मधल्या मोकळ्या जागेत एखादा शब्द मोठ्या अक्षरांत काढीत आणि नेमका त्या शब्दावरूनच दातेरी किंवा नागमोडी रेघेत चर्मपत्र कापीत. वाद उपस्थित झाला की दोन्ही तुकडे शेजारी ठेवायचे. दाते जुळले आणि तुटलेली अक्षरे सांधली गेली, तर प्रती खऱ्या. या दात्यांवरून, म्हणजे लॅटिनमधल्या ‘दात’ या अर्थाच्या शब्दावरून, दस्ताचे नाव पडले. आपला ‘दंत’ही त्याच मुळातला. एकाच पक्षाने करून दिलेल्या दस्ताला दुसरी प्रत जुळवण्याची गरज नसे, म्हणून त्याची कड सरळ कापीत. तो ‘डीड पोल’. इंग्लंडमध्ये नाव बदलताना तो आजही करतात.

‘मेसवेज’ म्हणजे राहते घर, त्याला लागून असलेल्या पडव्या-गोठे आणि भोवतालचे आवार. त्याच्या जोडीला बहुधा ‘टेनेमेंट’ आणि ‘हेरेडिटामेंट’ असतील. पहिल्याचा अर्थ चाळीतली खोली असा घेऊ नये. कायद्याच्या जुन्या भाषेत धारण केलेली कोणतीही स्थावर मिळकत म्हणजे ‘टेनेमेंट’, आणि वारसाकडे जाऊ शकणारी मिळकत म्हणजे ‘हेरेडिटामेंट’. एवढी शब्दांची रास कशासाठी, असे वाटल्यास आपल्याकडची मराठी खरेदीखते पाहावीत. ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ लिहिणाऱ्याचाही हेतू हाच असतो की, उद्या कोणी उठून विहीर किंवा आंब्याचे झाड विकलेलेच नव्हते, असे म्हणू नये.

प्रश्न (एक वाचिका, पुणे) : इंग्लिश प्रार्थनेतील ‘द क्विक अँड द डेड’ म्हणजे चपळ आणि मृत असे का?

उत्तर : येथे ‘क्विक’ म्हणजे जिवंत. संस्कृत ‘जीव’ आणि हा शब्द एकाच मुळापासून आलेले आहेत. पाऱ्याला ‘क्विकसिल्व्हर’ म्हणतात, तेही तो जिवंत असल्यासारखा पळतो म्हणून. 1662 च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात हे शब्द आहेत; अलीकडच्या पुस्तकांत त्यांच्या जागी सरळ ‘द लिव्हिंग अँड द डेड’ घातले आहे.