'वर्ल्ड ऑन फायर' ही मालिका संथ आणि पसरट वाटतेय. पुढे बघावी का?

तुमचा प्रश्न असा आहे की पहिले दोन भाग पाहिले, पण दुसऱ्या महायुद्धावरची मालिका असून लढाई फारशी दिसली नाही. नुसती माणसं आणि शहरं. कुणी म्हणतं मालिका रडवते, कुणी म्हणतं कंटाळा आणते, मग खरं काय? माझं उत्तर सरळ आहे: बघा. चौथ्या भागापर्यंत धीर धरा. आणि घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना शेजारी बसवून बघा. आमच्या घरी ही मालिका तशीच पाहिली गेली, म्हणून इतक्या आग्रहानं सांगते.

आम्ही साताऱ्यात राहतो. पावसाळ्यात संध्याकाळी सातनंतर बाहेर पडायची सोय नसते, तेव्हा लेकीनं लॅपटॉप टीव्हीला जोडून ही मालिका लावली. बघायला मी, माझे मिस्टर, लेक, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले मोठे भाऊजी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आत्याबाईंचं वय ८५. त्यांना इंग्रजी येत नाही आणि सबटायटल वाचता येत नाहीत. त्यामुळे रिमोट माझ्या हातात. दर दोन मिनिटांनी थांबवायचं, कोण कुणाला काय म्हणालं ते मराठीत सांगायचं, की पुढे. एका तासाचा भाग आम्हाला दोन तास पुरायचा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बीबीसीची मालिका, लेखक पीटर बोकर. पहिला सीझन २०१९ मध्ये आला, सात भागांचा. दुसरा थेट २०२३ मध्ये, सहा भागांचा. गोष्ट १९३९ मध्ये सुरू होते आणि मँचेस्टर, वॉर्सा, बर्लिन, पॅरिस अशी फिरते. हॅरी नावाचा इंग्रज तरुण वॉर्साच्या दूतावासात दुभाषा आहे. मँचेस्टरला त्याची लोइस आहे, ती कारखान्यात काम करते आणि गाते. वॉर्सात तो काशावर जीव लावतो, ती हॉटेलात वाढप्याचं काम करते. जर्मन फौजा आल्यावर तिला देशाबाहेर काढता यावं म्हणून तो तिच्याशी लग्न करतो. आणि गाडी सुटताना काशा स्वतः न चढता आपल्या धाकट्या भावाला, यानला, त्याच्याबरोबर पाठवून देते.

पहिल्या आठवड्यात आमच्या घरातच मतांची दंगल. मिस्टर म्हणाले, "अगं, लढाई कधी सुरू होणार?" लेकीला हॅरीचा भयंकर राग, "दोघींना शब्द देतो आणि एकीलाही धड सांगत नाही." माझी तासगावची बहीण फोनवर म्हणाली की इतकी माणसं लक्षात ठेवायची तर वही घेऊन बसावं लागेल. भाऊजी काहीच बोलले नाहीत.

आत्याबाई मात्र त्या स्टेशनच्या प्रसंगाला अडकल्या. मला म्हणाल्या, "थांबीव जरा." मी थांबवलं. पडद्यावर यानचा चेहरा तसाच. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "कसं सोडलं असंल गं लेकराला?" आणि पुन्हा थोड्या वेळानं, "बरं केलं तिनं."

त्या रात्री त्यांनी जे सांगितलं ते मी पंचवीस वर्षांच्या संसारात कधी ऐकलं नव्हतं. त्यांचं माहेर अपशिंग्याजवळचं. अपशिंगे मिलिटरी हे गाव तुम्हाला ऐकून माहीत असेल, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले आणि आजही तिथं घरटी फौजी आहे. त्या सगळ्या पट्ट्यात पोरगं सोळा-सतराचं झालं की भरतीला उभं राहायचं. आत्याबाईंचे वडील मराठा पलटणीत गेले तेव्हा त्या पाळण्यात होत्या. मनिऑर्डर यायची, त्यावर घर चालायचं. १९४२ च्या जूनमध्ये उत्तर आफ्रिकेतलं टोब्रुक पडलं, तिथं मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण अडकली होती. त्यानंतर मनिऑर्डर बंद झाली आणि सरकारी कागद आला. त्यात एकच कामाचा शब्द: बेपत्ता.

"बेपत्ता म्हंजी काय ते कुणालाच कळंना," आत्याबाई म्हणाल्या. "माज्या आयनं कुंकू लावायचं का न्हाई, ह्येच गावाला कळंना." संक्रांत आली. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायला निघाल्या आणि त्यांच्या दारापाशी येऊन घुटमळल्या. बोलवावं तर अपशकुन, न बोलवावं तर तो मेला असं आपणच ठरवल्यासारखं. शेवटी एक म्हातारी बाई आत आली, काही न बोलता तिनं आईच्या कपाळाला कुंकू लावलं आणि बाहेर पडली. त्यानंतर कितीतरी महिन्यांनी रेडक्रॉसमार्फत एक कार्ड आलं, वडील इटलीत कैदेत होते.

युद्ध संपल्यावर ते घरी आले तेव्हा आत्याबाई सहा वर्षांच्या. वडिलांना बघून त्या कणगीच्या मागं जाऊन लपल्या आणि आईला विचारू लागल्या, "ह्यो बाप्या कोन?" आठ दिवस त्यांनी वडिलांच्या हातचा घास घेतला नाही. हे सांगताना त्या पदर नुसता मुठीत धरून होत्या.

म्हणून 'युद्ध दिसतच नाही' ही तक्रार मला पटत नाही. रणगाडे आणि विमानं दाखवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. इथं दिसतं ते मागं राहिलेल्यांचं युद्ध, आणि ते मुळातच संथ असतं. लोइस पोटुशी राहते आणि तिला कळत नाही की कुणाची वाट बघायची. काशा आपल्या शहरात राहून जर्मन सैनिकांना गाठून मारायला लागते आणि हळूहळू तिची तिला ओळख राहत नाही. बर्लिनमध्ये रॉसलर नावाचं साधं कुटुंब आपल्या मुलीची फेफऱ्याची व्याधी शेजाऱ्यांपासून लपवतं, कारण आजारी आणि अपंग मुलांना सरकारच मारून टाकत होतं. हे खरोखर घडलेलं आहे. १९४१ पर्यंत त्या एका मोहिमेत सत्तर हजारांवर माणसं मारली गेली. त्या घरातली भीती जेवणाच्या ताटापर्यंत आलेली दिसते. बॉम्ब एकही पडत नाही आणि अंगावर काटा येतो.

सगळ्यात चांगलं काम डग्लसचं, म्हणजे शॉन बीनचं. लोइसचा बाप, बस कंडक्टर, पहिल्या महायुद्धातून मनानं मोडून परतलेला आणि आता शांततेचा प्रचार करणारा. लोक त्याला भेकड म्हणतात. त्याच्या एका प्रसंगानंतर भाऊजी उठून गॅलरीत गेले, पावसाकडे बघत उभे राहिले. आत आल्यावर एवढंच म्हणाले, "ह्यो माणूस मी पलटणीत बघितलाय." इतक्या वर्षांत भाऊजींनी नोकरीतलं असं काही आमच्यापुढं काढलं नव्हतं.

आता दोष. हॅरीबद्दल लेकीचं म्हणणं मला मान्य आहे, इतर सगळी माणसं एवढी भक्कम असताना मधला खांबच पोकळ. योगायोग फार, अर्धं युरोप पेटलेलं असताना माणसं एकमेकांना भर रस्त्यात बरोबर भेटतात. पहिला सीझन ऐन मोक्याला तोडलाय आणि पुढचा यायला चार वर्षं गेली. त्यात डग्लस नाही, बर्लिनहून बातम्या देणारी नॅन्सीही नाही. हे मला लागलं.

तुमच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण तुम्ही सांगलीचे आहात असं प्रश्नात लिहिलंय. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. तो भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. एकीकडे पोरं इंग्रजांच्या फौजेत, दुसरीकडे १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, कुंडलची माणसं भूमिगत. माझ्या आज्यानं रात्री उसाच्या फडात भाकऱ्या पोचवल्या आणि त्याचाच सख्खा भाऊ पलटणीत होता. आजी दोन्हीसाठी एकाच देवाला नवस बोलायची. हे घर कुठल्या मालिकेत आलं तर मी रात्रभर जागून बघेन.

आणि मिरज-कोल्हापूर पॅसेंजरनं तुम्ही गेला असाल तर वळिवडे स्टेशन ओलांडलं असणार. कॉलेजच्या तीन वर्षांत मी कितीदा तिथून गेले, मला पत्ताही नव्हता की १९४३ ते १९४८ त्या वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. जवळपास पाच हजार माणसं, त्यांत बायका आणि पोरंच जास्त. पूर्व पोलंडमधून रशियानं त्यांना सैबेरियाकडे हाकललं होतं, तिथून सुटून ती इराणमार्गे इकडे आली. त्यांच्यातले काही आजारी आमच्या पाचगणीला हवापालटासाठी होते. ती गेल्यावर त्याच छावणीत फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. आत्याबाईंनी विचारलं होतं, "त्या पोलंडच्या लोकांचं फुडं काय झालं गं?" तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. त्यांना ते खरंच वाटेना. दिवाळीत आम्ही त्यांना गाडीनं वळिवड्याला नेऊन आणलं.

दुसऱ्या सीझनमध्ये गोष्ट उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जाते आणि राजीब नावाचा भारतीय अधिकारी आपल्या सॅपर, म्हणजे सुरुंगांचं काम करणाऱ्या, जवानांसह येतो. उशीर झालाय, पण आलाय. त्या युद्धात इथून पंचवीस लाख माणसं गेली होती. तो भाग लागला तेव्हा आत्याबाईंनी खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी जवळ नेली. वाळूत बसलेले जवान दिसले की म्हणायच्या, "थांबीव." मी थांबवायची. त्या एकेकाच्या चेहऱ्यावरून बोट फिरवत बघायच्या, मग हात खाली घेऊन म्हणायच्या, "हं, आता चालू कर."