५० मीटर रायफलचे आपले नेमबाज अमेरिकेतल्यासारखी स्वतःची काडतुसं का भरत नाहीत? जास्त वेगाची गोळी जास्त अचूक नसते का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण खरा गोंधळ तिथेच आहे. वेग वाढला म्हणून नेम सुधारत नाही. वेग प्रत्येक गोळीला सारखा असावा लागतो.

५० मीटरला पॉइंट टू-टू (०.२२ इंच व्यासाचं काडतूस) वापरतात, ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅमची शिशाची गोळी. मॅचची काडतुसं मुद्दाम सेकंदाला ३२०-३३० मीटरच्या आसपास ठेवलेली असतात, आवाजाच्या वेगापेक्षा (साधारण ३४०) जरा कमी. ३८० च्या आसपास सुटणारीही मिळतात. पण ती टार्गेटकडे जाता जाता मंदावत आवाजाच्या वेगाशी येतात आणि नेमकी तिथेच गोळी डळमळते.

आता सारखेपणाचं गणित. ५० मीटर जायला गोळीला साधारण ०.१६ सेकंद लागतात, तेवढ्यात ती १२-१३ सेंटीमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला ५ मीटरचा फरक पडला, तर टार्गेटवर उभा फरक सुमारे ४ मिलिमीटर. एका रिंगची रुंदी ८ मिलिमीटर, म्हणजे नेम अचूक धरूनही अर्धा पॉइंट गेला. दशांशावर फायनल ठरते तिथे हे फार झालं.

अमेरिकेत लोक स्वतः भरतात ती सेंटरफायर काडतुसं. त्यात प्रायमर (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या, बुडाशी मधोमध वेगळा बसवलेला असतो. जुना काढून नवा घालता येतो, पितळी केस पुन्हा वापरता येते. मग ते केस वजन करून निवडतात, बंदुकीची दारू मोजून घालतात, गोळी किती खोल बसवायची ते बदलून पाहतात, आणि क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) वेगातला फरक व कागदावर ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) दोन्ही बघतात. सगळ्यात वेगवान लोडचा (भरलेल्या मापाचा) ग्रुप सगळ्यात लहान निघेलच असं नाही, बरेचदा त्याच्या खालचाच एखादा निवडला जातो.

पॉइंट टू-टू रिमफायर आहे. पेटणारं मिश्रण केसच्या कडेच्या आत फिरवून पसरवलेलं असतं आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. एकदा उडालं की केस भंगारात. त्यामुळे नेमबाजाच्या हातात भरणं नाही, निवडणं आहे.

त्यालाच लॉट टेस्टिंग म्हणतात; लॉट म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेली काडतुसं. रायफलचा स्टॉक (दस्ता) काढून बॅरल-अ‍ॅक्शन, म्हणजे नळी आणि तिला जोडलेली यंत्रणा, क्लॅम्पमध्ये घट्ट बसवायची, वेगवेगळ्या लॉटचे ग्रुप मारायचे, जो लॉट आवडेल तो हजारांनी उचलायचा. एली (बर्मिंगहॅम) आणि लापुआ (जर्मनीत श्योनेबेक) या काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांकडे यासाठी टेस्ट रेंज आहेत. डब्यावरच्या नावाला फार भुलू नका. लापुआचं सेंटर-एक्स आणि मिडास प्लस एकाच लाइनवर निघतं, चाचणीनंतर वेगळं होतं. तुमच्या बॅरलला स्वस्तातला लॉट आवडू शकतो. याचं एक कारण बॅरलची थरथर. हळू गोळी जरा उशिरा बाहेर पडते. त्या क्षणी बॅरलचं तोंड वर जात असेल, तर ती थोडी वर फेकली जाते आणि वेगातला फरक काही अंशी भरून निघतो. प्रत्येक बॅरलची थरथर वेगळी, म्हणून दुसऱ्याचा लॉट उसना घेऊन उपयोग नसतो.

राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून नेमबाजी) ब्राँझ ४५१.४ गुणांवर घेऊन आला. त्या पातळीवर प्रत्येक जण असाच निवडलेला लॉट घेऊन उतरतो.

आणि हो, आपल्याकडे घरी काडतुसं भरायचा विचारही करू नका. शस्त्र कायदा १९५९, कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे.

तुम्ही नुकतीच सुरुवात केली असेल, तर टेस्टिंगच्या मागे एवढ्यात लागू नका. क्लबमधून एकाच लॉटचे डबे घ्या आणि सीझनभर तेच मारा. आडवा पसरणारा ग्रुप लॉट बदलून सुटणार नाही, तो बहुतेक वाऱ्याचा किंवा ट्रिगरचा असतो.