क्युसेक आणि क्युमेक यात नेमका फरक काय? बातम्यांत कधी हे असतं, कधी ते

फरक फूट आणि मीटरचा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, 1000 लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी एका क्युमेकने सेकंदात भरेल, एका क्युसेकला 35 सेकंद लागतील. क्युमेकला 35.3 ने गुणलं की क्युसेक.

परीक्षेपुरतं एवढं पुरे. सांगलीत मात्र पावसाळ्यात हा गोंधळ महागात पडतो. केंद्रीय जल आयोगाचा आकडा क्युमेकमध्ये येतो, पाटबंधारे खात्याचा क्युसेकमध्ये. कुणीतरी पहिल्यातला आकडा उचलून ग्रुपवर टाकतो, 'कोयनेतून फक्त 1400 सोडलंय, घाबरू नका.' अहो, 1400 क्युमेक म्हणजे 49,400 क्युसेक! कोयनेच्या पायथा विद्युतगृहातून एरवी सुटतात ते 2100 क्युसेक. असा मेसेज वाचून नदीकाठचा माणूस सामान माडीवर न्यायचं थांबवतो. एकक न लिहिता आकडा पुढे पाठवणाऱ्याला मी बेजबाबदारच म्हणेन.

'प्रतिसेकंद 50 हजार क्युसेक' हेही चूक. सेकंद क्युसेकमध्येच आहे, परत कशाला?

आता टीएमसी, कारण खरी भांडणं तिथेच होतात. टीएमसी हे साठ्याचं माप, अब्ज घनफूट. क्युसेक हा वेग. दोन्हींना जोडणारा आकडा पाठच करा: 11,574 क्युसेक दिवसभर वाहिले की 1 टीएमसी. म्हणजे 50 हजार क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला तर 4.3 टीएमसी जातात. कोयनेचा पूर्ण साठा सुमारे 105 टीएमसी. आवक शून्य धरली तरी या वेगाने तो संपायला चोवीस दिवस लागतील.

म्हणूनच दरवर्षी ऐकू येणारं 'सहाही दरवाजे उघडलेत तरी धरण भरतंयच, म्हणजे आकडे खोटे' हे बोलणं मला अजिबात पटत नाही. आवक 80 हजार आणि विसर्ग 50 हजार असेल तर 30 हजार क्युसेक धरणात राहतात, म्हणजे दिवसाला 2.6 टीएमसी वाढ. दरवाजे उघडे आणि साठा वाढतोय, यात लपवाछपवी कसली? भांडायचंच असेल तर दरवाजे दोन दिवस आधी का उघडले नाहीत, यावर भांडा. तो प्रश्न रास्त आहे, आणि त्यालाही हाच हिशेब लागतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. आवकेचा आकडा बहुतेक वेळा मोजलेला नसतो. पाणीपातळीतली वाढ आणि विसर्ग यांवरून काढलेला असतो, त्यामुळे तासातासाला वरखाली होतो. शिवाय कोयनेच्या विसर्गावरून सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती असेल हे थेट निघत नाही. वेण्णा, उरमोडी, तारळी यांचं पाणी वरूनच कृष्णेत आलेलं असतं, आणि खाली हरिपूरला कृष्णेला मिळणारी वारणा तुडुंब असली की सांगलीचं पाणी लवकर ओसरत नाही. 2019 ला आयर्विनपाशी पाणी 57 फुटांवर गेलं, ते एकट्या कोयनेमुळे नव्हे. तेव्हा धरणाचा आकडा क्युसेकमध्ये करून घ्या, पण घर सोडायचं की नाही हे आयर्विनच्या फुटांवर ठरवा: 40 ला इशारा, 45 ला धोका.